आउटफिल्ड ते माउंड: उशिरा सापडलेल्या हातांचा आढावा

अमेरिकेतल्या मायनर लीग बेसबॉलमध्ये दर हंगामात काही आउटफिल्डरांना, म्हणजे कुंपणाकडच्या क्षेत्ररक्षकांना, प्रशिक्षक बोलावून घेतात आणि सांगतात, बॅट ठेवून दे, उद्यापासून तू पिचर. असा खेळाडू बहुधा बाविशी-पंचविशीतला असतो. खालच्या लीगमध्ये तीन-चार हंगाम काढलेले असतात. पाय वेगवान, झेल पक्के, कुंपणाजवळून केलेली फेक सरळ कॅचरच्या हातमोज्यात येऊन थडकते. पण वळणाऱ्या चेंडूवर बॅट लागत नाही. फलंदाज म्हणून त्याच्याबद्दलची आशा संघाने सोडलेली असते. हात मात्र सोडवत नाही. म्हणून सोडून देण्याआधी एकदा त्याला माउंडवर, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो त्या मातीच्या उंचवट्यावर, उभं करून पाहतात.

या प्रयोगाबद्दल लिहिलं जातं ते यशस्वी झालेल्यांच्या अंगाने. अमुक एक फलंदाज म्हणून संपला होता, मग हातात चेंडू दिला आणि तो तारा झाला. या कथा खऱ्या आहेत. पण त्या एकीशेजारी एक ठेवून वाचल्या तर त्यांत एक समान गोष्ट दिसते. ती हाताच्या ताकदीची नाही, मिळालेल्या वेळेची आहे. आणि तो वेळ बहुतेकांना संघाने विचारपूर्वक दिलेला नव्हता. युद्ध, दुखापत, व्हिसाची बंदी, कॉलेजात परत घालवलेलं एक वर्ष अशा आडवाटेने तो त्यांच्या पदरात पडला.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हा बदल मुळात शक्य कसा, असा प्रश्न पडेल. सीमारेषेवरून जबरदस्त फेक करणारा क्षेत्ररक्षक त्या फेकीच्या जोरावर वेगवान गोलंदाज होत नाही, कारण गोलंदाजीत कोपर ताठ ठेवावं लागतं आणि फेकीत ते वाकतं. दोन्ही क्रियांची घडण वेगळी. बेसबॉलमध्ये तशी अट नाही. आउटफिल्डरही फेकतो आणि पिचरही फेकतोच. त्यामुळे फेक पाहून निवडकर्त्याच्या मनात पिचिंगचा विचार येणं स्वाभाविक आहे. खेळाडू निवडताना फलंदाजी, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि हात अशा पाच गुणांना २० ते ८० च्या मापावर वेगवेगळे गुण देण्याची तिथे पद्धत आहे. फलंदाजीला ३० आणि हाताला ७० मिळालेला मुलगा कागदावरच अर्धा पिचर दिसू लागतो.

कागद इथेच फसवतो. आउटफिल्डर चेंडू पकडतो, दोन पावलं धावत येतो, एक उडी घेतो आणि सगळ्या शरीराचा वेग त्या एका फेकीत ओततो. ॲरन हिक्सने २०१६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून खेळताना डाव्या फिल्डमधून केलेली फेक ताशी १०५.५ मैल, म्हणजे जवळजवळ १७० किलोमीटर मोजली गेली. एवढा वेग माउंडवरून एखाद्यालाच जमतो. पण पिचरला धावत येता येत नाही. त्याचा एक पाय रबरी पट्टीला टेकलेला असतो, आणि दहा इंच उंचीवरून एक लांब पाऊल टाकून त्याला तो वेग निर्माण करावा लागतो. शिवाय आउटफिल्डरचा हात मागे मोठं वर्तुळ घेऊन येतो. लांबवर सरळ चेंडू जाण्यासाठी ते ठीक असतं. माउंडवर मात्र त्या लांब वर्तुळामुळे चेंडू फलंदाजाला फार लवकर दिसतो आणि चेंडू सुटण्याची जागा दर वेळी थोडी बदलते. माउंडपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच आहे. सुटताना चेंडूचा कोन अंशभर चुकला तर तिथे पोहोचेपर्यंत तो फूटभर चुकलेला असतो.

पुनरावृत्तीचा प्रश्न तर याहून मोठा. आउटफिल्डर सामन्यात जीव तोडून फेक करतो ती दोन-तीनदा, कधी एकदाही नाही. राखीव पिचर एका डावात पंधरा-वीस चेंडू टाकतो, सुरुवात करणारा पिचर सामन्यात नव्वद-शंभर. तेही प्रत्येक वेळी तशीच हालचाल करून, तरी दर वेळी वेगळा चेंडू. वेगवान फास्टबॉल, आडवा सरकणारा स्लायडर आणि हात तसाच जोरात येऊनही मंद सुटणारा चेंजअप हे तिन्ही एकाच हालचालीतून यावे लागतात. त्यात बेसवरच्या धावपटूवर नजर ठेवणं, पहिल्या बेसकडे फेकण्याचा धाक दाखवणं, कॅचरच्या खुणा, पिचिंगचं घड्याळ हे सगळं आलं. सतराव्या वर्षी माउंडवर उभा राहिलेला मुलगा हे सहा-सात वर्षं शिकत आलेला असतो. मध्येच आलेल्या आउटफिल्डरला ते त्याच मुलांबरोबर, पण निम्म्याहून कमी वेळात शिकायचं असतं.

संघ हे का करतात, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. मेजर लीगच्या २६ खेळाडूंच्या संघात पिचर जास्तीत जास्त १३ असावेत असा नियम २०२२ पासून लागू आहे, आणि बहुतेक संघ ती मर्यादा पूर्ण वापरतात. म्हणजे निम्म्या जागा पिचरांच्या. आउटफिल्डरांच्या चार, फार तर पाच. तेरा पिचरांतल्या आठेकांचं काम बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेतून, येऊन एखादा डाव जोरात टाकणं एवढंच असतं. तिथे दोन चांगले चेंडू पुरतात. आउटफिल्डर म्हणून दार बंद झालेल्याला या दारातून आत यायला वाव आहे. या हिशेबात काही वाईट नाही. फक्त तो संघाचा हिशेब आहे, खेळाडूचा नाही, हे विसरता कामा नये.

उलट दिशेचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तो बेब रूथने केला. बोस्टनचा उत्तम डावखुरा पिचर आउटफिल्डमध्ये गेला आणि १९२० मध्ये यांकीजकडून त्याने ५४ होमरन मारले. स्टॅन म्युझियलही मायनर लीगमध्ये पिचर होता. १९४० मध्ये खांदा दुखावल्यावर तो फक्त फलंदाज उरला आणि तेच त्याचं भाग्य ठरलं. हाताकडून बॅटकडे वळलेल्यांच्या या कथा बेसबॉलने प्रेमाने जपल्या. बॅट गेल्यावर हाताकडे वळलेल्यांना तसं स्थान मिळालेलं नाही, आणि ते मला अन्यायाचं वाटतं, कारण त्यातला बॉब लेमन कुठल्याही मापाने थोर खेळाडू होता.

लेमन क्लीव्हलंडकडे आला तो इनफिल्डर म्हणून. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात गेला आणि तिथल्या सामन्यांत पिचिंग करू लागला. १९४६ चा हंगाम सुरू झाला तेव्हा तो क्लीव्हलंडचा सेंटरफिल्डर होता. ३० एप्रिलला यांकी स्टेडियमवर बॉब फेलरने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता सामना जिंकला, तेव्हा त्याच्या मागे सेंटरफिल्डमध्ये लेमन उभा होता. पण बॅट चालेना. नौदलात त्याचे चेंडू खेळलेल्यांनी क्लीव्हलंडच्या व्यवस्थापकांपर्यंत त्याच्या हाताची ख्याती पोहोचवली, आणि त्याच हंगामात तो माउंडवर गेला. दोन वर्षांनी, जून १९४८ मध्ये, त्याने स्वतः हिट न देता सामना जिंकला. त्या वर्षी क्लीव्हलंड विश्वविजेता ठरला आणि अंतिम मालिकेतले दोन सामने लेमनने जिंकून दिले. सात हंगामांत वीस किंवा अधिक विजय, एकूण २०७ विजय, १९७६ मध्ये हॉल ऑफ फेम. हे सगळं वयाच्या पंचविशीनंतर. नौदलातले ते डाव आकडेवारीत कुठे नाहीत, पण पिचर लेमनची घडण तिथेच झाली. तिथे हरलं तरी कुणाची नोकरी जात नव्हती.

त्याच्या आधी बकी वॉल्टर्स होऊन गेला. तिसऱ्या बेसवर खेळणाऱ्या वॉल्टर्सला १९३४ च्या सुमारास फिलाडेल्फिया फिलीजने पिचर केलं. १९३९ मध्ये सिनसिनाटीकडून २७ विजय मिळवून तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मायनर लीगमधल्या आधुनिक बदलांचा विचार करताना ट्रेव्हर हॉफमनपासून सुरुवात करावी लागते. तो आउटफिल्डर नव्हता, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होता. पण अडचण तीच. १९८९ च्या निवडीत सिनसिनाटीने त्याला अकराव्या फेरीत घेतलं. १९९० मध्ये चार्ल्सटनला त्याची फलंदाजीची सरासरी ०.२१२ होती. हात मात्र असा, की १९९१ पासून त्याला पिचर करण्यात आलं. १९९३ मध्ये तो मेजर लीगमध्ये पोहोचला. इथपर्यंतची कथा नेहमीची आहे: जोरदार हात, जोरदार फास्टबॉल. खरा हॉफमन त्यानंतर घडला. खांदा दुखावला, फास्टबॉलचा वेग उतरला, आणि त्याला चेंजअपचा आधार घ्यावा लागला. ज्या हातासाठी त्याला माउंडवर आणलं होतं तो हात पूर्वीचा राहिला नाही, आणि तरीही ६०१ सेव्ह, म्हणजे थोड्या आघाडीवरचा सामना शेवटपर्यंत राखून देण्याची ६०१ उदाहरणं, त्याच्या नावावर लागली. सहाशेचा टप्पा गाठणारा तो पहिला. २०१८ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. ताकद पाहून निवडलेल्या या पिचरची कीर्ती शेवटी एका मंद चेंडूवर उभी राहिली.

जो नेथनची गोष्ट मला याहून जवळची वाटते. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने १९९५ मध्ये त्याला शॉर्टस्टॉप म्हणून घेतलं आणि एका हंगामातच पिचर हो म्हणून सांगितलं. त्याला ते पटलं नाही. तो खेळ सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुकला परत गेला, १९९६ चं वर्ष खेळाबाहेर काढून पदवी पूर्ण केली आणि मग स्वतःच्या पायांनी परत येऊन चेंडू हाती घेतला. पुढे ३७७ सेव्ह. संघाचा आदेश आणि खेळाडूचा निर्णय यांत एका वर्षाचं अंतर पडलं, आणि ते अंतर त्याने स्वतः घेतलं. मायनर लीगमधल्या किती जणांना असं वर्ष परवडतं?

आता आउटफिल्डरांकडे. डोमिनिकन प्रजासत्ताकातला रफाएल सोरियानो १९९६ मध्ये सिएटल मरिनर्सकडे आउटफिल्डर म्हणून आला, १९९९ मध्ये पिचर झाला, २००२ मध्ये मेजर लीगमध्ये दिसला. २०१० मध्ये टॅम्पा बेकडून ४५ सेव्ह घेऊन तो अमेरिकन लीगमध्ये पहिला आला. कार्लोस मार्मोल शिकागो कब्सकडे कॅचर आणि आउटफिल्डर होता. त्याचा स्लायडर इतका वळायचा, की २०१० मध्ये ७७ डाव आणि वर दोन बळी एवढ्याच कामात त्याने १३८ फलंदाज स्ट्राइकआउट केले. पण चेंडूवर ताबा त्याला कधीच पुरता मिळाला नाही आणि चार चेंडूंवर फुकट बेस देण्याची खोड अखेरपर्यंत सुटली नाही. रॉन महे १९९५ मध्ये बोस्टनकडून आउटफिल्डर म्हणून पाच सामने खेळला, १९९७ मध्ये त्याच संघात पिचर म्हणून परतला आणि २०१० पर्यंत वेगवेगळ्या संघांत टिकला. तो कधी तारा झाला नाही. या बदलाचं सर्वांत प्रामाणिक फळ मला महेच्या कारकिर्दीत दिसतं: दीड दशकाची पोटापाण्याची सोय, तीही आवडत्या खेळात.

सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते अलेक्सी ओगांडोपाशी. हाही डोमिनिकन, हाही आउटफिल्डर. ओकलंड ॲथलेटिक्सच्या व्यवस्थेत तो बॅट हातात घेऊनच खेळत होता. टेक्सास रेंजर्सने त्याचा हात हेरला आणि २००५ च्या डिसेंबरमध्ये मायनर लीगच्या निवड प्रक्रियेतून त्याला पिचर करायचं ठरवूनच घेतलं. पण त्याच सुमारास खोट्या लग्नांच्या आधारे व्हिसा मिळवून देणाऱ्या एका टोळीच्या प्रकरणात काही तरुण खेळाडू अडकले. त्यांतला ओगांडो एक. अमेरिकेचं दार त्याला पाच वर्षं बंद झालं. या काळात तो मायदेशातच राहिला आणि डोमिनिकन समर लीगमध्ये, त्याच्याहून कितीतरी लहान मुलांसमोर, पिचिंग करत राहिला. २०१० मध्ये बंदी उठली. काही आठवड्यांत तो मायनर लीगच्या पायऱ्या चढला आणि जूनमध्ये मेजर लीगच्या माउंडवर उभा राहिला, वय २६. पहिल्याच वर्षी रेंजर्स विश्वमालिकेत पोहोचले. २०११ मध्ये तो बुलपेनमधून निघून सुरुवात करणारा पिचर झाला, ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला, १३ सामने जिंकला.

ती पाच वर्षं शिक्षा होती, आणि एका गरीब मुलाच्या उमेदीची पाच वर्षं अशी जाणं वाईटच. पण पिचर म्हणून पाहिलं तर असं दिसतं, की बदल करणाऱ्या इतर कुठल्या आउटफिल्डरला क्वचितच मिळतं ते त्याला मिळालं. दर महिन्याला वेग मोजून निकाल लावणारं कुणी नव्हतं. हंगामाच्या शेवटी यादीतून नाव कापलं जाण्याची घाई नव्हती, कारण त्याला कुठे पाठवताच येत नव्हतं. सुरुवात करणारा पिचर व्हायला लागणारी सहनशक्ती एवढ्या उशिरा आलेल्या आउटफिल्डरात सहसा येत नाही. ओगांडोत ती आली. माझ्या मते त्याचं मूळ त्या सक्तीच्या मुक्कामात आहे.

जेकब डिग्रॉमचंही असंच. फ्लोरिडातल्या स्टेटसन विद्यापीठात तो शॉर्टस्टॉप होता. पिचिंगला लागला तो २०१० च्या शेवटच्या हंगामात, आणि न्यूयॉर्क मेट्सने त्याला नवव्या फेरीत पिचर म्हणून घेतलं. त्याच वर्षी कोपराचा लिगामेंट फाटला आणि तो नव्याने बसवण्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. २०११ चा हंगाम गेला. पण फ्लोरिडातल्या मेट्सच्या केंद्रात दुखापतीतून सावरणारा पिचर योहान सांताना होता, आणि त्याच्याकडून डिग्रॉमने चेंजअपची पकड उचलली. २०१८ आणि २०१९ मध्ये डिग्रॉम लागोपाठ सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला. खेळत राहिला असता तर पहिल्या पूर्ण हंगामात त्याच्याकडून फास्टबॉलच मागितला गेला असता.

याला अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. कुरासाओचा केन्ली जान्सन लॉस एंजेलिस डॉजर्सच्या व्यवस्थेत कॅचर होता. मार्च २००९ मध्ये नेदरलँड्सकडून वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये तो कॅचिंग करत होता, त्याच उन्हाळ्यात पिचर झाला आणि जुलै २०१० मध्ये मेजर लीगमध्ये आला. वर्षभरात सगळा बदल. पुढे ४०० हून अधिक सेव्ह. शॉन डूलिटलने तर २०११ च्या अखेरीस बॅट ठेवली आणि जून २०१२ मध्ये ओकलंडकडून पिचर म्हणून उतरला. यांना घाई का सोसली? जान्सन कॅचर होता. कॅचरची फेक कानाजवळून, आखूड हालचालीची असते. माउंडवर त्यातलं फार काही बदलावं लागत नाही. शिवाय त्याचा फास्टबॉल आपसूकच शेवटी कापला जायचा आणि त्या एका चेंडूवर त्याचं भागलं. डूलिटल व्हर्जिनिया विद्यापीठात पिचरही होता. दुखापतींनी फलंदाजी थांबल्यावर तो जुन्या घरी परतला. दोघेही एका डावापुरते पिचर. लांब हाताच्या, कधीच माउंडवर न उभ्या राहिलेल्या आउटफिल्डराला जान्सनचं वेळापत्रक लावलं तर काय होतं, याचं उत्तर बहुतेक वेळा खालच्या लीगमध्येच मिळून जातं आणि बाहेर कुणाला कळतही नाही.

अँथनी गोस मात्र आधीच लोकांना ठाऊक होता: त्याला मेजर लीगमधले ३७२ सामने आउटफिल्डर म्हणून मिळाले होते. कॅलिफोर्नियाच्या बेलफ्लॉवरमध्ये शाळेत असताना त्याचा डावा हात पाहून त्याला पिचर करावं असं अनेकांना वाटत होतं. गोसला धावायचं होतं, झेल घ्यायचे होते. २००८ मध्ये फिलाडेल्फियाने दुसऱ्या फेरीत त्याला आउटफिल्डर म्हणूनच घेतलं. २०१० च्या जुलैमध्ये एकाच दिवशी त्याची दोनदा देवघेव झाली, फिलाडेल्फियाकडून ह्यूस्टनकडे आणि तिथून टोरंटोकडे. टोरंटो आणि डेट्रॉइटकडून तो पाच वर्षं खेळला. वेग होता, बॅट लागेना. २०१७ मध्ये, सव्वीस वर्षांचा असताना, तो डेट्रॉइटच्या खालच्या संघात, फ्लोरिडातल्या लेकलंडला, नव्याने पिचर म्हणून उभा राहिला. मेजर लीगची विमानं, हॉटेलं पाहिलेला माणूस पुन्हा बसच्या प्रवासात आला.

वेग पहिल्या दिवसापासून होता, ताशी शंभर मैलांच्या आसपास. ताबा नव्हता. संघ बदलत गेले. २०२१ च्या उन्हाळ्यात टोकियो ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेच्या रौप्यपदक विजेत्या संघात होता, आणि सप्टेंबरमध्ये, एकतीस वर्षं पूर्ण झाल्यावर, क्लीव्हलंडकडून मेजर लीगच्या माउंडवर गेला. पुढच्या वर्षी कोपराचा लिगामेंट फाटला. शस्त्रक्रिया, सक्तीची विश्रांती, २०२४ मध्ये पुन्हा काही सामने. आकड्यांत मोजलं तर हाती फार लागलं नाही. तरी मला गोसची चार वर्षं लेमनच्या २०७ विजयांइतकीच महत्त्वाची वाटतात, कारण शिकायला खरोखर किती काळ लागतो ते त्यांनी दाखवलं. त्या शिक्षणाची फी भरायला गोसकडे मेजर लीगमधली आधीची कमाई होती. लेकलंडच्या संघातल्या तेवीस वर्षांच्या मुलाकडे ती नसते.

फसलेले प्रयोगही पाहायला हवेत. सॅन दिएगो पाद्रेसने २०१७ चा हंगाम सुरू करताना क्रिश्चन बेटनकोर्टला पिचर, कॅचर आणि आउटफिल्डर अशा तिन्ही भूमिकांत संघात ठेवलं. हात तोफेसारखा, चेंडू कुठेही. थोड्याच दिवसांत त्याला खाली पाठवलं. पुढे तो कोरियात खेळला आणि २०२२ मध्ये मेजर लीगमध्ये परतला तो कॅचर म्हणून, बॅटच्या जोरावर. म्हणजे त्याच्या फलंदाजीबद्दलचा आधीचा निकालच घाईचा होता. जॉर्डन शेफर हा मेजर लीग खेळलेला आउटफिल्डर डावखुरा पिचर होऊ पाहत होता. २०१७ चा हंगाम त्याने कोपराच्या शस्त्रक्रियेत घालवला.

कोपराचा उल्लेख इतक्या वेळा आला हा योगायोग नाही. आउटफिल्डरला पिचर करताना बेसबॉलमधली माणसं एक गोष्ट हमखास म्हणतात: हात ताजा आहे, त्यावर ओझं पडलेलं नाही. ऐकायला हे पटतं. पण चेंडू टाकताना खांदा सेकंदाला सात हजार अंशांहून अधिक वेगाने फिरतो आणि त्या ताणाचा मोठा भाग कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या लिगामेंटवर येतो. हाच लिगामेंट १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनच्या कोपरात नव्याने बसवला, आणि शस्त्रक्रियेला त्याचं नाव पडलं. स्नायू काही महिन्यांत वाढतात. लिगामेंट आणि कंडरा फार सावकाश ताणाला सरावतात. ज्याचा हात आधीच ताशी ९८ मैल फेकतो, पण आठवड्याला पाच-दहाच वेळा, त्याला अचानक दर दुसऱ्या दिवशी वीस चेंडू टाकायला लावलं, तर ताजेपणाचीच शिक्षा त्याला होते. वेग कमी असलेला मुलगा सांभाळून वाढतो. जोरदार हाताच्या मुलाला थांबवायला कुणाचं मन होत नाही.

इथे भारतीय वाचकाला रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवतील. उत्तर प्रदेशातल्या या दोन भालाफेकपटूंनी २००८ मध्ये वेगाने चेंडू फेकण्याची एक स्पर्धा गाजवली, बेसबॉल कधी न पाहताही कॅलिफोर्नियात पिचिंग प्रशिक्षक टॉम हाउस यांच्या हाताखाली तयारी केली आणि वर्षअखेरीस पिट्सबर्ग पायरेट्सशी करार केला. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार झालेले ते पहिले भारतीय. रिंकू मायनर लीगच्या सिंगल-ए या खालच्या पातळीपर्यंत गेला आणि दुखापतींनी त्याला अडवलं. त्यांच्यावर सिनेमा निघाला. सिनेमाला करारापर्यंतची गोष्ट पुरते. माउंडवरची गोष्ट त्यानंतर सुरू होते.

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी बदलल्या आहेत. शिकण्याची साधनं सुधारली. चेंडू किती फिरतो, कुठल्या अक्षावर फिरतो, बोटांतून कसा सुटतो हे रडार आणि अतिमंद चित्रण करणारे कॅमेरे लगेच दाखवतात. पूर्वी स्लायडरची योग्य पकड सापडायला हंगाम जायचा, आता काही आठवड्यांत कळतं. ताबा मात्र यंत्राने मिळत नाही, तो फेकूनच येतो. आणि फेकायच्या जागा कमी झाल्या आहेत. २०२१ मध्ये मायनर लीगची पुनर्रचना होऊन मेजर लीगशी जोडलेले संघ १२० उरले; चाळीसहून अधिक गावांतले संघ बाहेर पडले. खेळाडू निवडीच्या फेऱ्या ४० वरून २० वर आल्या. २०२४ पासून प्रत्येक संस्थेला मायनर लीगच्या यादीत हंगामात १८० ऐवजी १६५ च खेळाडू ठेवता येतात. या पंधरा जागा गेल्या तेव्हा पहिली गदा प्रयोगांवर आली असणार. शेवटच्या बाकावरच्या आउटफिल्डराला दोन वर्षं पिचिंग शिकवत बसायला ती जागाच लागायची.

खेळाडूंच्या बाजूने झालेला बदल चांगला आहे. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीग खेळाडूंच्या संघटनेत आले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. सिंगल-ए मधलं किमान वार्षिक वेतन ११,००० डॉलरवरून २६,२०० वर गेलं, मेजर लीगच्या लगतच्या ट्रिपल-ए मधलं १७,५०० वरून ३५,८०० वर. यावर कुणी श्रीमंत होत नाही. पण हिवाळ्यात गोदामात पाळ्या न करता हात सांभाळता येणं, पिचर होऊ पाहणाऱ्यासाठी तरी चैन नव्हे, ती गरज आहे.

पुढचा करार व्हायची वेळ येईल तेव्हा त्यात एक कलम असावं असं मला वाटतं. संघाने ज्या फलंदाजाला पिचर व्हायला सांगितलं, त्याला त्या दिवसापासून दोन पूर्ण हंगाम यादीतून काढता येऊ नये, आणि त्या काळात त्याची जागा १६५ मध्ये मोजली जाऊ नये. पहिल्या हंगामात चेंडूंची संख्या वैद्यकीय पथकाने ठरवावी, संघ व्यवस्थापकाने नव्हे. ज्याला बदल नको असेल त्याला नाही म्हणून दुसऱ्या संघात जाण्याची मोकळीक असावी. संघांना यात खर्च फार नाही: तीस संस्था, प्रत्येकीत असे दोन-तीन खेळाडू. इतक्या वर्षांत जो वेळ नौदलाने, व्हिसाच्या कचेरीने आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाने दिला, तो करारातल्या एका परिच्छेदात बसतो.